मेपलच्या डब्यावरची चिठ्ठी

माझी मावसबहीण टोरांटोला असते. मागच्या खेपेला आली तेव्हा माझ्या मुलीसाठी वहीत दाबून वाळवलेलं एक पान घेऊन आली. ‘‘कॅनडाच्या झेंड्यावरचं पान गं, आमच्या दारातलंच!’’ मुलीने ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. मी चार दिवस ते पान येता-जाता बघत होतो. पाचव्या दिवशी राहवलं नाही. ताईला फोन करून म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात त्या झाडाचं ताजं पान तोड, देठ मोड आणि काय होतं ते सांग.

जूनमध्ये तिचा व्हिडिओ आला. देठ मोडला आणि टोकाशी पांढऱ्या चिकाचा थेंब जमला. रुईच्या पानाला येतो तसाच, जरा पातळ. म्हणजे झाड नॉर्वे मेपल. मूळचं युरोपातलं, सावलीसाठी उत्तर अमेरिकेच्या शहरांत रस्तोरस्ती लावलेलं, आणि आता तिथल्या रानात शिरून मूळच्या झाडांना जड जाणारं. ज्याच्या रसाचा पाक करतात तो साखरी मेपल वेगळा. त्याचा देठ मोडला तर चीक येत नाही, पाण्यासारखा रस येतो.

ताईने मनाला लावून घेऊ नये म्हणून तिला सांगितलं, की तुमच्या बँकेवरही हाच ठपका आला होता. कॅनडाच्या नव्या प्लॅस्टिकच्या नोटांवरचं पान देशी मेपलचं नसून नॉर्वे मेपलचं दिसतं, अशी तक्रार २०१३च्या जानेवारीत तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली. मध्यवर्ती बँकेचं उत्तर असं, की ते पान कुठल्याच एका जातीचं नाही, अनेक पानांवरून काढलेलं कल्पनाचित्र आहे. उत्तर हुशारीचं आहे. पटतं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

भिंतीवरचं पान चुकलं तर लॅमिनेशनचे पैसे गेले, इतकंच. पण हीच चूक बियांच्या पाकिटावर झाली तर आतलं बी मरू शकतं. सगळे मेपल ‘मेपलच’ तर आहेत, मग नावावरून एवढं काय, असं वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी घराण्याची ओळख. मेपलच्या जगभरात दीडशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कॅनडात नाहीत, आशियात आहेत. एकट्या चीनमध्ये त्यांचा सगळ्यात मोठा गोतावळा. आपल्या हिमालयातही आहेत. पूर्वी मेपलचं स्वतंत्र कूळ मानत. आता ते ज्या कुळात घालतात त्यात आपला रिठा आणि लिचीही येते. म्हणजे आजी ज्याने केस धुवायची तो रिठा आणि कॅनडाच्या झेंड्यावरचं पान हे भाऊबंद. मेपलचं फळ मात्र कुठेही ओळखू येतं. दोन बिया पाठीला पाठ लावून जोडलेल्या, प्रत्येकीला एक पातळ पंख. उंचावरून सोडलं की भिंगरीसारखं गरगरत खाली येतं.

बोलीतल्या नावांवर विसंबलं तर काय गोंधळ होतो, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘सिकमोर’. इंग्लंडमध्ये सिकमोर म्हणजे मेपलची एक जात. अमेरिकेत सिकमोर म्हणजे काश्मीरच्या चिनाराचा चुलतभाऊ. आणि बायबलमधला सिकमोर आपल्या उंबराच्या जवळचा, अंजिराच्या घराण्यातला. एकच शब्द, तीन झाडं, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शास्त्रीय नावंही या गंमतीतून सुटलेली नाहीत. नॉर्वे मेपलच्या नावाचा अर्थ ‘चिनारासारखा’, इंग्लिश सिकमोरच्या नावाचा अर्थ ‘खोटा चिनार’, आणि लंडनच्या रस्त्यांवरच्या चिनाराला दीर्घकाळ ‘मेपलच्या पानाचा’ म्हणत होते. पुण्या-मुंबईच्या बागांत दिसणाऱ्या मुचकुंदाच्या शास्त्रीय नावातही हेच ‘मेपलच्या पानाचा’ आहे. ज्याला त्याला दुसऱ्याच्या आरशात बघायची सवय.

हा घोळ निस्तरायला स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली झाडांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रुजवली. शाळेच्या हजेरीपटासारखी, आडनाव आधी आणि नाव नंतर. मेपलचं आडनाव ‘एसर’. त्यापुढे त्या जातीचं स्वतःचं नाव. यामागे दोन नियम आहेत आणि ते कळले की बाकीचं सोपं होतं. पहिला नियम ज्येष्ठतेचा: ज्याने आधी रीतसर छापलं त्याचं नाव टिकतं, मग ते कितीही गैरसोयीचं असो. दुसरा नियम नमुन्याचा: नाव हे वर्णनाला चिकटलेलं नसतं, ते एका ठरावीक नमुन्याला चिकटलेलं असतं. कुठल्या तरी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कागदावर डकवलेली एक वाळकी फांदी असते आणि वाद झाला की सगळे त्या फांदीकडे जातात. वजनकाट्याचं प्रमाण वजन असतं ना, तसंच. हे नियम आंतरराष्ट्रीय परिषदेत तपासले-सुधारले जातात. शेवटची परिषद २०२४ साली माद्रिदला झाली. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच करायची सक्ती २०१२ पासून गेली, इंग्रजीही चालतं. मराठी अजून नाही.

ज्येष्ठतेच्या नियमाने मेपलमध्ये एक कायमची डोकेदुखी करून ठेवली आहे. लिनियसने अमेरिकेतल्या एका मेपलला ‘एसर सॅकरिनम’ म्हटलं, म्हणजे ‘साखरेचा’. ज्या झाडाला ते नाव गेलं तो निघाला चंदेरी मेपल, पानाची मागची बाजू रुपेरी असणारा, ज्याच्या रसात साखर असते पण बेताचीच. खऱ्या साखरी मेपलला पुढे १७८५ साली अमेरिकेच्या हम्फ्री मार्शलने नाव दिलं ‘एसर सॅकरम’. अर्थ तोच, साखर. तेव्हा आता सॅकरम म्हणजे साखरी आणि सॅकरिनम म्हणजे चंदेरी, हे पाठ करण्यावाचून इलाज नाही. ‘साखरेचा’ हे नाव चुकीच्या झाडावर बसलं म्हणून कोणी बदलून देत नाही. घरातल्या काळ्या मुलीचं नाव गौरी असतं, तिचं रेशनकार्ड कोणी बदलायला जातं का?

या एका अक्षराच्या फरकाने काय बिघडतं ते आता बघू, कारण खरी गोम इथेच आहे.

बियाणे बँकेचं काम ऐकायला सोपं आहे. बी गोळा करा, स्वच्छ करा, अगदी कमी ओलाव्यापर्यंत वाळवा आणि उणे २० अंशांवर बंद डब्यात ठेवा. इंग्लंडमध्ये क्यू उद्यानाची मोठी बियाणे बँक याच पद्धतीने चालते. पुष्कळ झाडांचं बी असं कित्येक दशकं जिवंत राहतं. पण सगळ्यांचं नाही. कोकणात ज्याने फणसाची आठळी रुजवली आहे त्याला हे सांगायला नको. आठळी ताजी असताना लावली तर येते, उन्हात खडखडीत वाळवली तर फक्त भाजीला. आंब्याच्या कोयीचं, जांभळाच्या बीचं तेच. या बियांना वाळणं म्हणजेच मरण.

मेपलची गंमत अशी, की एकाच घराण्यात दोन्ही तऱ्हा आहेत. साखरी मेपलचं बी शरद ऋतूत पडतं, हिवाळाभर थंडीत झोपतं आणि वसंतात उगवतं. ते वाळवून साठवता येतं. चंदेरी मेपलचं बी वसंत सरता सरता पडतं आणि ओली जमीन मिळाली की लगेच रुजायला लागतं. त्यातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की ते उगवतच नाही. नॉर्वे मेपल आणि इंग्लिश सिकमोर यांच्यातही हाच फरक आहे: पहिल्याचं बी वाळवलेलं चालतं, दुसऱ्याचं चालत नाही.

आता समजा, एखाद्याने चंदेरी मेपलचं बी गोळा करून पाकिटावर ‘सॅकरम’ लिहिलं. घाईत एक अक्षर इकडचं तिकडे झालं. बँकेतल्या माणसाने नियमाप्रमाणे ते वाळवलं, डबा बंद केला, थंडीत ठेवला. काही वर्षांनी कोणी मागितलं म्हणून डबा उघडला तर आत काय, मेलेल्या भिंगऱ्या. त्याने कुठेही चूक केली नव्हती. चिठ्ठी चुकली होती. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवल्यासारखं हे, फक्त चहा पहिल्याच घोटाला सांगतो आणि बियाणे बँक वर्षानुवर्षं काही बोलत नाही.

ज्यांचं बी ठेवता येत नाही ती झाडं जिवंतच सांभाळावी लागतात, म्हणजे बागेत, जमिनीत, पाणी-खत घालून. इथे दुसरा गैरसमज आड येतो: बागेत खूप झाडं आहेत म्हणजे जात सुरक्षित आहे. जपानी मेपल घ्या. ‘एसर पामेटम’ हे नाव स्वीडनच्याच कार्ल थुनबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये दिलं, पानाच्या तळहातासारख्या आकारावरून. त्याचे आज हजाराहून जास्त वाण आहेत. ‘सांगो-काकू’ म्हणजे पोवळ्याचा मनोरा, कारण हिवाळ्यात त्याच्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल होतात. तोच वाण ‘सेनकाकी’ नावानेही विकला जातो. नर्सरीवाले बिलावर काय लिहितात ते बघून घ्यावं. वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हात लिहायचं असतं, आणि १९५९ पासून नवं नाव लॅटिनमध्ये ठेवता येत नाही.

पण मुद्दा वेगळा आहे. हे वाण टिकवायचे तर कलमच करावं लागतं. बी लावलं तर आईसारखं येईल याची खात्री नाही. हापूसच्या कोयीतून जे झाड येतं त्याचा आंबा आईसारखाच निघेल याची शाश्वती नसते, म्हणून आपण कलम बांधतो, तसंच. कलमं हजार केली तरी जनुकांच्या हिशेबाने ते एकच झाड, हजार ठिकाणी उभं असलेलं. एक नवा रोग आला आणि त्या एकाला झेपला नाही, तर हजारांनाही झेपणार नाही. म्हणून जात वाचवणाऱ्याला दिसायला देखणी शंभर कलमं नको असतात. त्याला रानातल्या वेगवेगळ्या पन्नास आयांचं बी हवं असतं. कृषी विद्यापीठातले लोक ज्याला जननद्रव्य म्हणतात ते हेच: बी, फांदी, डोळा, परागकण, ज्यातून पुन्हा झाड उभं राहू शकतं ते सगळं.

एका झाडावर सगळा भार पडला की काय होतं, याचं उदाहरण चीनच्या सिचुआन प्रांतातल्या ‘एसर पेंटाफायलम’चं आहे. नाव सांगतं तसं पाच पर्णिकांचं पान, सडपातळ बोटांसारखं. जोसेफ रॉक या संग्राहकाने १९२९ साली त्याचं बी आणलं. त्यातून बाहेरच्या जगात टिकलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बागेतलं झाड, आणि कित्येक वर्षं पाश्चात्त्य बागांतली त्या जातीची रोपं त्याच्याकडेच माग काढत जात होती. रानातही ती मोजकीच उरली आहेत. कागदासारखी दालचिनी रंगाची साल सोडणारा ‘एसर ग्रिसियम’ही तसाच. अर्नेस्ट विल्सन या इंग्रज संग्राहकाने १९०१ साली तो चीनमधून इंग्लंडला नेला. आज बागांमध्ये तो हौसेने लावतात, पण मूळच्या जंगलात तो संकटात आहे, आणि त्याच्या भिंगऱ्यांतल्या बऱ्याचशा आतून पोकळ असतात, हे आणखी एक दुखणं. २०१५ मध्ये अमेरिकी उद्यानांचे आणि चिनी उद्यानाचे लोक मिळून मध्य चीनच्या डोंगरांत त्याच्या रानटी झाडांमागे हिंडले, पानांचे नमुने गोळा केले. बागेतल्या झाडांत रानातली किती विविधता आली आहे आणि किती राहिली आहे, ते त्यावरून कळतं.

विल्सन आणि रॉक यांच्या काळात हे सोपं होतं: गेला, वेचलं, पेटीत भरलं, बोटीवर चढवलं. बी ज्या डोंगरावरचं, तिथल्या माणसाला विचारायची पद्धत नव्हती. दक्षिण अमेरिकेतून कोयनेलचं झाड सिंकोना निलगिरीत आलं, ब्राझीलमधून रबर बाहेर गेलं, ते असंच. १९९२ च्या रिओ परिषदेत जैवविविधतेचा करार झाला आणि चित्र पालटलं. देशातल्या झाडांच्या जननद्रव्यावर त्या देशाचा अधिकार, हे मान्य झालं. २०१० च्या नागोया कराराने त्याला दात दिले: आधी विचारून परवानगी घ्या, काय करणार ते लिहून द्या, फायदा झाला तर वाटा द्या. तो २०१४ पासून लागू आहे. अमेरिकेने रिओच्या करारावर सही केली पण त्याला मान्यता दिली नाही, ती आजही बाहेरच आहे.

गहू-तांदळासाठी एक वेगळी सोय आहे. अन्नपिकांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ठरावीक पिकं आहेत, त्यांचं बी एकाच छापील करारपत्रावर देशोदेशी जातं. मेपल त्या यादीत नाही. त्यामुळे मेपलची देवाणघेवाण करायची तर प्रत्येक वेळी नव्याने बोलणी.

आपल्याकडे २००२ चा जैविक विविधता कायदा आहे आणि राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईला बसतं. यातली एक गोष्ट परदेशातल्या मराठी माणसांना सहसा माहीत नसते. इथून झाडंझुडपं संशोधनासाठी किंवा धंद्यासाठी मिळवायची तर परदेशी माणसाला या प्राधिकरणाची आधी परवानगी लागते, आणि अनिवासी भारतीयालाही. भारतीय पासपोर्ट असला तरी. हिमालयातल्या मेपलचं बी टोरांटोच्या प्रयोगशाळेत नेऊन अभ्यास करू म्हटलं तर ‘मी आपलाच आहे’ हे कामाला येणार नाही.

एवढे कागद मागे लागले की बागा आपापसात जी नोंद ठेवतात तिचं मोल कळतं. प्रत्येक झाडाला आत आल्या दिवशी एक क्रमांक मिळतो. कुठून आलं, कोणी वेचलं, कुठल्या डोंगरावर, किती उंचीवर, कुठल्या अटीवर, सगळं त्या क्रमांकाखाली. अमेरिकेच्या कृषी खात्याने असे क्रमांक १८९८ पासून द्यायला सुरुवात केली. एक नंबरचा मान रशियातून आणलेल्या कोबीला मिळाला. उद्यानांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यात तर क्रमांकातच गोष्ट सांगतात: आधी मूळ देशाची दोन अक्षरं, मग शून्य किंवा एक, मग बागेचं लघुनाव, मग आकडा. शून्य म्हणजे या झाडावर काही खास अट नाही, एक म्हणजे आहे. देशाच्या जागी ‘एक्स एक्स’ दिसलं की समजावं, हे झाड कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही. झाड जिवंत आहे, फुलतंय, पण त्याचं माहेर हरवलं आहे.

पाटीवर क्रमांक ठळक का लिहितात, याचं कारण नाव बदलतं आणि क्रमांक बदलत नाही. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात ढगांत बुडालेल्या डोंगरांवर एक साखरी मेपल आहे. तो उत्तरेकडच्या साखरी मेपलचाच पोटभेद मानत होते. २०१७ मध्ये एका संशोधिकेने त्याला स्वतंत्र जात ठरवून ‘एसर बिनझायेदी’ नाव दिलं, ज्या संवर्धन निधीने मदत केली त्याच्या अरबी आश्रयदात्याच्या सन्मानार्थ. फांदी तीच, पान तेच. पण कोट्यवधी झाडांच्या जातीचा पोटभेद म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं. स्वतंत्र जात म्हटल्यावर तो जगातल्या दुर्मीळ मेपलमध्ये जाऊन बसला. सगळे शास्त्रज्ञ अशी फोड मान्य करतात असं नाही. जाती फोडणारे आणि जाती जोडणारे अशी दोन घराणी या क्षेत्रात फार जुनी आहेत. माझं मत विचाराल तर झाड धोक्यात असेल तेव्हा फोडणाऱ्यांचं ऐकावं, नंतर जोडता येतं.

कागद जुळले तरी किडे उरतातच. आशियातला लांब मिशांचा एक भुंगेरा मेपलचं खोड पोखरतो. लाकडी खोक्यांतून तो अमेरिकेत पोचला, १९९६ मध्ये न्यूयॉर्कला सापडला, २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरला. तिथे तो आवरायला तीस हजारांवर झाडं तोडावी लागली. तेव्हापासून जिवंत रोप पाठवायचं म्हटलं की तपासणी अधिकाऱ्याच्या कपाळावर आठी येते. बी पाठवणं त्यातल्या त्यात बरं, पण चंदेरी मेपलचं बी वाटेतल्या क्वारंटाइनमध्ये पंधरा दिवस वाळत पडलं तर पुन्हा तीच रड.

ताईच्या दारच्या झाडाचं नाव कळल्यावर तिने मागच्या गल्लीतल्या एका झाडाचाही फोटो पाठवला. तिकडे त्याला मॅनिटोबा मेपल म्हणतात, कुंपणाकडेला तणासारखा उगवतो. त्याचं पान अखंड नसतं, तीन-पाच पर्णिकांचं असतं. फोटो मावशीने बघितला आणि म्हणाली, ‘‘ही निर्गुडी ना? गुडघ्याला शेकायला पाला मिळेल तुला.’’

मावशीची चूक थोर माणसाच्या रांगेतली आहे. या झाडाचं नाव ‘एसर नेगुंदो’. नेगुंदो म्हणजे आपली निर्गुडी, संस्कृतातली निर्गुंडी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या औषधींच्या पुस्तकात ती ‘नेगुंदो’ म्हणून आली, पुढे लॅटिन भाषांतरातून युरोपभर गेली. पानं मिळतीजुळती दिसली म्हणून ते नाव अमेरिकेतल्या या मेपलला चिकटलं, आणि लिनियसने १७५३ मध्ये ते कायम केलं. नीट बघितलं तर निर्गुडीच्या पर्णिका पंजासारख्या एका बिंदूतून फुटतात आणि या मेपलच्या मधल्या दांडीवर समोरासमोर बसतात. मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, तुमचं काहीही असो, नाव तर निर्गुडीच आहे ना.

आता मुलीला मेपलचं बी हवं आहे, कुंडीत लावायला. ताई बॅगेत टाकून आणू का विचारत होती. नाही, म्हटलं. २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून बी आणायचं तर आयात परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय साखरी मेपलला उगवायच्या आधी दोन-तीन महिने कडाक्याची थंडी हवी, आणि आमच्या कोथरूडच्या गॅलरीत ती कुठून आणायची. भिंतीवरच्या पानाखाली मात्र मुलीने नवी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘नॉर्वे मेपल, टोरांटो, ताईमावशीचं दार.’